रुळांवरचं घर

ठाण्याच्या कचेरीत नकाशे काढणारे एक गृहस्थ दर रविवारी कळव्याच्या काठावर बसून खाडीपलीकडचं ठाणं काढीत. एका कागदावर आपल्या लहानपणचं, दुसऱ्यावर शंभर वर्षांनंतरचं. पेन्सिलीचं टोक जिभेला लावायची सवय, त्यामुळे ओठ कायम काळे. आणि बोलणं संपवायचं ते "बघा बुवा" म्हणूनच. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी शेजारी बसून सूचना करीत असे.

पुढच्या ठाण्यात त्यांनी सात-सात मजली माड्या रचल्या होत्या. मी हट्टच धरला म्हणून माझ्या घरावरही मजले चढवले, पण गच्चीवर माझं फाटकं धोतर वाळत घातलं.

"ओळखू यायला हवं ना, बघा बुवा!"

त्या माड्यांच्या मधोमध, थेट आगगाडीच्या रुळांवर, एक बुटकं कौलारू घर होतं. जुन्या चित्रातही तेच घर, त्याच जागी.

"अहो, इथून गाडी जाते!" मी हसलो.

"आमचं घर पाडूनच रूळ टाकले तिथे. शंभर वर्षांत गाडी जुनी होईल, जागा मोकळी होईल, बघा बुवा."

मी ओशाळलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "जुन्या चित्रात कौलांतून धूर निघतोय. इथे काढायचा राहिला वाटतं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"राहिला नाही. घर काढता येतं हो. चूल पेटवायला आई कुठून आणू?"