सभेपुढे ठेवलेली मुदत

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो. हे एक मात्र मनातून जात नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी निरीक्षक होतो. जूनमधल्या एका सकाळी, हजेरी चालू असतानाच, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक दुकानदार चाचा आत आले.

"साहेब, मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट बघा. दिसाया तीच हाय, पर आता ओटीपी मागतीया. संस्था कशाला मागंल?"

आदल्या दिवशी त्यांनी म्हसवडकडच्या एका मुलीचा अर्ज त्यावर भरला होता. तेव्हापासून कोणी अनोळखी माणूस तिला नाव घेऊन फोन करत होता. तिचा फोटोही त्याच्याकडे होता. वडील हबकले होते. "न्हाई शिकली तरी चालंल," म्हणत होते. वसतिगृहाच्या प्रवेशाला चार दिवस उरले होते, आणि वसतिगृहाशिवाय तिला कॉलेज शक्य नव्हतं.

संशय अर्थातच वेबसाइट बनवणाऱ्यावर गेला. सांगलीचा संगणक क्लासवाला, चाळिशीचा माणूस. त्याला बोलावून घेतलं.

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"आवं साहेब, पासवर्ड न्हाई गेला, नावच गेलं. वेबसाइटच्या नावाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. न्हाई केलं तर ते मोकळं हुतं, मग कुणीबी ते इकत घेऊन तसंच दिसणारं पान टाकतं. सूचना संस्थेच्या ईमेलवर जात्यात. मी फोनबी केलेला. हेडक्लार्क म्हणाले, कार्यवाही चालू हाय."

"लय शहाणा हायस!"

संध्याकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवला. शेवटी तो कळवळून म्हणाला, "मला कोंडा, पर एकदा त्यांची फाइल तर उघडा!"

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या कार्यालयात गेलो. हेडक्लार्कनी अभिमानाने फाइल पुढे केली. मुदत संपत असल्याच्या तिन्ही सूचना छापून ओळीने लावलेल्या. प्रत्येकीवर शिक्का, आवक क्रमांक आणि लाल शाईत शेरा: 'कार्यकारिणीच्या सभेपुढे ठेवावे.' गणपूर्तीअभावी सभा दोनदा तहकूब झाली होती. मधे वेबसाइट बंदही पडली. प्रवेशाचा हंगाम नव्हता, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आमच्याकडून दिरंगाई न्हाई साहेब. नोंद हाय."

निरपराध माणसाला मी दिवसभर बसवलं होतं, आणि तिकडे त्या बनावट पानावर अर्ज पडतच होते.

सायबर शाखेला पत्र गेलं, पान बंद व्हायला आणखी दोन दिवस लागले. वेबसाइटचं नाव विकत घेणारा खोट्या कागदपत्रांआड लपलेला. तो सापडलाच नाही. शेवटच्या दिवशी महिला हवालदाराला घेऊन मुलीच्या घरी गेलो.

वडील म्हणाले, "तुमी भला मानूस. पर माझ्या लेकीचा फोटू आता कुणाकडं हाय, तेवढं सांगा."



आतून मुलगी म्हणाली, "साहेब, प्रवेशाची मुदत पाचला संपतीया."

घड्याळात चार वाजले होते. वडील जागचे हलले नाहीत.

संस्थाचालकांनो, वेबसाइटच्या नावाची मुदत एका माणसाच्या जबाबदारीवर टाका, तारीख त्याच्या मोबाइलमध्ये घाला, आणि सभेची वाट न बघता नूतनीकरण करायचा अधिकार त्याला द्या. चोरावर लावायला माझ्याकडे कलमं होती. लाल शाईने हात झटकणाऱ्यांवर एकही नव्हतं, आणि त्या मुलीचं कॉलेज दोघांनी मिळून बुडवलं.