अण्णा गळती शोधतात

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सारंग वडनेरे हॉलमध्ये फरशीवरच आडवा होतो. सोफा अजून घ्यायचाय. छातीवर दोन बिलं आहेत, एक पाण्याचं आणि एक पाइपच्या गॅसचं. पंख्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर त्यानं हात ठेवलाय.

नाशिकच्या या फ्लॅटमध्ये येऊन त्याला चार महिने झालेत. भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढलेल्या वडनेऱ्यांचं हे पहिलं स्वतःचं घर. बायको केतकी बाळंतपणाला येवल्याला माहेरी गेली आहे. मुलगी झाली, सव्वा महिना होत आला, गुरुवारी दोघी घरी येतील. त्याआधी घरातलं सगळं मार्गी लावायचं असं त्यानं ठरवलंय. पाण्याच्या बिलावरून तो सकाळीच सोसायटीच्या सेक्रेटरींशी कडाकडा भांडून आलाय. गॅसच्या बिलाचं मात्र त्याला काही कळलेलंच नाही. एकट्या माणसाचा चहा आणि खिचडी, तरी युनिट मागच्या खेपेच्या दुप्पट. मीटरच बिघडलं असणार, म्हणून त्यानं ते बिल दुसऱ्याखाली सरकवलंय.

स्वयंपाकघरातल्या सिंकखालून काही आठवडे कसलासा घाण वास येतोय, चार दिवसांत तो वाढलाय. फिनेल ओतून झालं. संध्याकाळी पुन्हा ओतू, असं म्हणता म्हणता त्याचे डोळे मिटतात.

टक्. टक्.

बाथरूममध्ये कोणीतरी पाइपवर पाना वाजवतंय. सारंग उठून जातो. निदान त्याला तरी उठल्यासारखं वाटतं. दाराशी अवजारांची खाकी पिशवी आहे. आत उपड्या बादलीवर त्याचे वडील बसलेत, भिंतीला कान लावून. अण्णांना जाऊन तीन महिने झाले हे त्याला पक्कं ठाऊक आहे, पण त्याचं आत्ता नवल वाटत नाही. वाटते ती धास्ती. काहीतरी चुकलंय आणि आता त्याबद्दल विचारलं जाणार.

"अण्णा, तुम्ही कधी आलात?"

"थांब. ऐकू दे."

अण्णांनी पस्तीस वर्षं नळदुरुस्ती केली. भिंतीला कान लावून ते आतलं पाणी ऐकायचे. आत्ताही त्यांचे डोळे मिटलेले आहेत.

"फ्लशची टाकी गळतेय," ते म्हणतात. "आतला रबर गेलाय. त्या सेक्रेटरीला उगाच बोललास."

"उद्या माफी मागतो."

"माग."

सारंगला वाटतं, आता ते वास्तुशांतीच्या दिवसाचं काढणार. त्या दिवशी अण्णा नवा सदरा घालून आले होते आणि सोबत ही पिशवी. "पाहुणे जेवतायत तोवर एकेक जोड बघून घेतो," म्हणाले होते. हॉलमध्ये ऑफिसची माणसं बसलेली. सारंग दबक्या आवाजात म्हणाला होता, "राहू द्या हो अण्णा, बिल्डरचा माणूस आहे त्याला." अण्णांनी पिशवी चपलांशेजारी ठेवली आणि ते निमूट पंगतीत बसले. त्यानंतर ते या घरी आले नाहीत. चौथ्या आठवड्यात ते गेल्याचा फोनच आला.

पण अण्णा ते काढत नाहीत. ते उठून भिंतीवरून हात फिरवत चालू लागतात, आणि भिंत काही संपत नाही. टाइल्स जाऊन चुना येतो. चुन्यावर पुसट अक्षरांत पाढे लिहिलेत. पुढे सिमेंटचा लांब हौद आणि ओळीनं सहा पितळी तोट्या. सारंगच्या पायांत शाळेचे बूट आहेत.

"हा तिसरा नळ," अण्णा वाकून म्हणतात. "अजून गळतो का रे?"

हा शाळेचा हौद आहे, हे सारंग ओळखतो. तो सातवीत होता. मधल्या सुट्टीत अण्णा इथंच गुडघ्यांवर बसून काम करत होते, पाठ चिखलानं माखलेली. शेजारच्या मुलानं विचारलं होतं, तो माणूस तुझ्याकडे बघून का हसतोय? कोण आहे?

"अण्णा, तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"काय?"

"मी काय म्हणालो ते."

अण्णा तोटी पिळतात. "नळवाला आहे, म्हणालास. मग खोटं कुठं बोललास? नळवालाच होतो मी."

त्यांच्या आवाजात राग नाही. सारंगला तो हवा आहे. राग असता तर पाय धरता आले असते.

"मला लाज वाटली होती."

"ठाऊक आहे."

"वास्तुशांतीलाही..."

"ते पण ठाऊक आहे." अण्णा हात सदऱ्याला पुसतात. "तुझी मुलगी कधी येतेय?"

"गुरुवारी."

"मग हे काय काढत बसलास? वेळ नाही. साबण आण."

हौदाशेजारी स्वयंपाकघराचा ओटा आहे. सारंग धावतो, पण साबण कुठं ठेवलाय ते त्याला आठवत नाही. एकामागून एक खण उघडतो, सगळ्यांत बिलंच बिलं. मागे वळतो तर अण्णांच्या हातात वाटी आहे. त्यांनी स्वतःच फेस केलाय, दाट, पांढरा. सिंकखालचं दार उघडून ते आत वाकतात. त्यांची पाठ तशीच चिखलानं माखलेली.

"पाणी सांडलं की दिसतं, माणूस ओरडतो," आतून त्यांचा आवाज येतो. "हे दिसत नाही. वास येतोय तर फिनेल ओतत बसलास. मीटर बघायचं. सगळं बंद करायचं आणि आकडा हलतो का ते बघायचं. एवढंच काम होतं."

"मला कोणी शिकवलं नाही, अण्णा."

आत फेस लावल्याचा चपचप आवाज येतो.

"शिकवायलाच आलो होतो त्या दिवशी," अण्णा म्हणतात. "ऊठ आता. दिवा लावू नकोस."

"अण्णा, थोडं बसा..."

"ऊठ म्हणतो ना!"

सारंग फरशीवर उठून बसतो. डोकं जड झालंय, तोंडाला विचित्र चव आहे. बाहेर लख्ख ऊन. तो भिंतीला धरत स्वयंपाकघरात जातो. वास आता नाकात बसतोय. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात तो मागे घेतो, आधी खिडकी उघडतो, मग मीटरजवळचा गॅसचा कॉक पिळून बंद करतो. फोन घेऊन जिन्यात येतो. तिथून गॅसच्या तातडीच्या नंबरवर कळवतो.

"माणूस निघालाय," पलीकडची बाई म्हणते. "गळती नेमकी कुठं, ते कळलंय का?"

"सिंकखाली. बघतो."

"नाही साहेब, तुम्ही आत जाऊ नका."

पण तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन तिथूनच बघतो. सिंकखालचं दार उघडं आहे. आत पिवळ्या पाइपच्या जोडावर साबणाचा दाट पांढरा फेस लावलेला आहे, ओला. त्यात एक मोठा बुडबुडा फुगलेला. कॉक बंद झाल्यानं तो आता वाढत नाही, नुसता थरथरतोय.

"फेस दिसतोय जोडावर," तो सांगतो.

"बरं झालं साबण लावून बघितलात. नाहीतर जोड सापडत नाही लवकर. तुम्हीच लावलात ना?"

सारंग आपले तळहात उलटसुलट करून बघतो. ते कोरडे ठणठणीत आहेत.