जानकीराम रावांचा चौथा मासा

जानकीराम राव सरळ बोलणारा असता तर त्याचे निम्मे शत्रू झालेच नसते. पण सरळ बोलावं असं माणूस त्याला कुंभकोणमात त्रेसष्ट वर्षांत भेटलं नव्हतं. स्वामीमलैच्या एका मूर्तिशाळेत एकतीस वर्षं त्याने मूर्ती खोक्यांत बांधल्या. पेंढा, सुतळी, फळ्या. त्याच्या खोक्यात नटराजाचं बोटसुद्धा कधी मोडलं नाही, आणि हे तो कुणी न विचारता सांगत असे. निवृत्त झाल्यावरही दर शुक्रवारी सकाळी तो तिथे जाई आणि नव्या लोकांच्या गाठी सोडून पुन्हा मारी.

घरात दोघंच, तो आणि थोरली बहीण भागीरथी. ती त्याला रांधून घाले, तो बाजार आणी, आणि सहा वर्षांत दोघांत एका शब्दाची देवघेव नव्हती. आईच्या तेराव्याला, भरल्या पंगतीत, हा म्हणाला होता की अक्काने औषध वेळेवर दिलं असतं तर आई वाचली असती. दोन वर्षं आईचं हगणं-मुतणं काढलेल्या बाईला हे ऐकवलं, आणि तेही आईच्या खोलीत आठवड्यातून एकदा डोकावणाऱ्याने. भागीरथीने हातातलं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि तोंड मिटलं. तेव्हापासून ती चुलीशी बोले नि हा भिंतीशी, आणि ज्याला लागायचं त्याला बरोबर लागे.

“मीठ नाहींसें झालें ह्या घरांतून,” तो भिंतीला सांगे.

“जिभेला हाड नाहीं, तिला मीठ काय कळणार,” ती चुलीला सांगे.

अशा घरात मे महिन्यात चार मासे आले. कोईमतूरला त्याचा मुलगा करण बिऱ्हाड बदलत होता, म्हणून नात कीर्तिने काचेची पेटी आजोबांकडे ठेवली. लाल, तलवारीसारख्या शेपटीचे स्वॉर्डटेल. दसऱ्याच्या सुट्टीत येऊन ती ते परत नेणार होती. जाताना करण म्हणाला, “अप्पा खोकीं छान बांधतात. जितें काय सांभाळतील?” म्हाताऱ्याच्या ते वर्मी लागलं. त्या दिवसापासून ते मासे त्याच्या अब्रूचे झाले.

सप्टेंबरात पहिला मासा पेटीमागे भिंतीशी सुकलेला सापडला, मुंग्या लागलेला. जानकीरामने सागाची चौकट केली, मच्छरदाणीची जाळी ठोकली, कडेने स्पंज लावला. असं झाकण की डास आत जाणार नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा मासा गेला, त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरा. झाकण जागच्या जागी, आणि मासा जमिनीवर. दोन्ही खेपांना वार शुक्रवार होता, हे लक्षात आलं तसा त्याच्या डोक्यात खून चढला. अक्का. तेराव्याला तिच्यावर बोट रोखलं, त्याची ती अशी परतफेड करते आहे.

मासे विकणाऱ्या सुंदरकडे तो तणतणत गेला. सुंदरने विचारलं, “पाणी कुठवर भरता?”

“काठोकाठ. आमच्या घरांत उणें भांडें ठेवत नाहींत.”

“मग झाकण उचललं की मासा बाहेर. चार बोटं कमी ठेवा. वर पाणवेल सोडा. हा उडी मारणारा मासा आहे.”

कालच्या पोराने शिकवावं याचा त्याला राग आला. तरी घरी येऊन त्याने मुकाट्याने चार बोटं पाणी उपसलं, वेल सोडली, आणि शुक्रवारी स्वामीमलैला न जाता कोठीच्या दाराआड उभा राहिला. कीर्ति रविवारी येणार होती. त्याला आज चोर रंगेहाथ पकडायचा होता.

भागीरथी न्हाऊन आली. तिने देवापुढचा तांब्या भरला, हंडा भरला, कळशी भरली. शुक्रवारी दिवा लागण्याआधी घरातलं एकही भांडं उणं राहायचं नाही, आणि दिवा लागेपर्यंत एकावरही झाकण नाही; दिवा लागला की पुन्हा झाकायचं. लक्ष्मीने डोकावलं तर तिला भरलेलं दिसावं. आई हेच करायची. हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं, आणि तरीही त्याला सुचलं नव्हतं. भागीरथी पेटीपाशी आली, झाकण काढून बाजूला ठेवलं, उणं पाणी पाहून हळहळली आणि कळशी ओतली. पाणी काठाला आलं. वेल ओघळून खाली पडली. तिने काचेला कुंकू लावलं.

“एकटाच राहिलास रे बाळा,” ती माशाला म्हणाली.

तिला काहीच ठाऊक नव्हतं. दाराआड हे जानकीरामला लख्ख कळलं. “अक्का, चार बोटें कमी,” एवढं म्हटलं की झालं असतं. पण सहा वर्षांनी पहिला शब्द आपण बोलायचा, तोही ती निर्दोष आहे म्हणून? त्याने दात आवळले. ती जाईल, मग आपण पाणी उपसू. ती दिवा लावायला वळली. तिच्या हातातल्या काडीचा उजेड काचेवर पडला आणि मासा उसळला.

तो कुठे पडला ते दोघांनाही दिसलं नाही. जानकीराम दाराआडून धावत आला; मासा कपाटामागे गेला होता, आणि ते जड कपाट ओढायला वेळ गेला. भागीरथीने ओल्या तळव्यावर मासा घेतला, पाण्यात सोडला. तो आडवाच तरंगत राहिला.

“काठोकाठ भरूं नये,” जानकीराम म्हणाला. “उडी मारतो तो.”

भागीरथीने त्याच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, तो जिथून आला होता तिकडे.

“मेल्यावर सांगतोस,” ती म्हणाली. “जिता होता तेव्हां कां नाहीं सांगितलेंस?”

संध्याकाळी कीर्तिचा फोन आला. “ताता, माझा उरलेला मासा काय करतोय?”

भागीरथीचं नाव त्याच्या जिभेवर तयार होतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

“मेला, कण्णा,” तो म्हणाला. “मीं वांचवूं शकत होतों. पाहत उभा राहिलों.”

पलीकडे फोन करणने घेतला.