ओल्या चादरीची लाज

"काय रे मामा, नळी घातलीय तरी गादी भिजवतोस?"

डॉक्टरने माझ्या अंगावरची चादर उचलून धरली होती. भोवती शिकाऊ पोरं-पोरी. शेजारच्या खाटेला डबा घेऊन आलेली एक बाई. सगळ्यांनी पाहिलं. एकदोघं हसली. तोही हसला. मोठा विनोद केला होता ना साहेबांनी! वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने मला अरेतुरे केलं, मीही इथे त्याला अहोजाहो करणार नाही.

प्रोस्टेटचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. लघवीच्या वाटेने नळी, नळीला पिशवी. ओटीपोटात अशी कळ यायची, की जणू आतून कोणी ओला पंचा पिळतंय. वाटायचं, लघवीला लागलीय, आत्ताच्या आत्ता. मी कुंथायचो. नळीच्या कडेने गळायचं. चादर ओली. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"कळ येते हो," मी म्हटलं.

"मार्केट यार्डात हमाल ना तू? पोती उचलणाऱ्याला एवढं सोसत नाही?"

चादर टाकली आणि पुढच्या खाटेकडे गेला. पोरं मान डोलावत मागे. शिकत होती म्हणे.

दुपारी सिस्टरने चालायला सांगितलं. पिशवी हातात धरून व्हरांड्यातून निघालो, बायको मागे. स्पेशल रूमचं दार उघडं होतं. आत बिबवेवाडीचा एक बिल्डर. त्याचंही तेच ऑपरेशन, माझ्याच दिवशी. पलंगाशी आमचाच डॉक्टर. आवाज मात्र साखरेत घोळलेला.

"काका, आपण अजिबात संकोच करू नका. नळीमुळे मूत्राशय आवळतं, म्हणून कडेने गळतं. बऱ्याच जणांना होतं. कुंथू नका. कळ येऊ नये म्हणून औषध आधीच चालू केलंय. तरी आली, तर लगेच बेल वाजवा."

मी दारातच थांबून सगळं ऐकलं. बिल्डरचं गळलं तर आजार, माझं गळलं तर घाण सवय. वा रे विद्या! कळ दोघांना तीच, औषध मात्र खाट बघून. जन्मभर पाठ मोडली तरी मी कधी हूं का चूं केलं नाही. ते सोसणं या लोकांनी फुकटात गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने पुन्हा माझ्या चादरीला हात घातला. मी ती मुठीत आवळली.

"आधी पडदा लावा. आणि त्या काकांना दिलंत ते औषध मला द्या. कळ यायच्या आधी."

"तू मला शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलंत. स्पेशल रूममध्ये. मी दारात होतो."

कोणी हसलं नाही. सिस्टरने पडदा ओढला. औषध मिळालं, कळा ओसरल्या. एवढंसं औषध! त्यासाठी मला कुत्र्यासारखं तळमळत ठेवलं.

नळी निघाली, घरी सोडायचा दिवस आला. आमच्या वॉर्डातून घरी जाताना डॉक्टरच्या पाया पडायची रीत आहे. हाही पाय जरा पुढे करूनच उभा राहतो. बायको वाकायला लागली. मी तिचा दंड धरला.

"अहो, बरं केलं त्यांनी तुम्हाला."

"केलं. काम आहे त्याचं. मी पोती उतरवतो तेव्हा माझ्या पाया पडतं का कोणी?"

शेजारच्या खाटेवर नवा आलेला वारज्याचा एक रंगारी त्याच ऑपरेशनची वाट बघत बसला होता. डॉक्टरच्या देखत त्याला सांगितलं, "भाऊ, चादर ओली झाली तर लाजायचं नाही. औषध आधीच मागायचं. आणि चादर सोडायची नाही."

डॉक्टर ऐकत होता. ऐकू दे. यार्डातल्या एकेकाला मी हेच सांगणार आहे. आता आमच्यातला जो इथे येईल, तो मागूनच घेईल. आणि जाताना वाकणार नाही.