आबांच्या बाकावर

"आज काय आहे?" असं विचारणाऱ्याला आबांच्या खाणावळीत पाणीसुद्धा उशिरा मिळायचं. धुळ्यात पांझरेच्या काठी त्यांचं ते एवढंसं दुकान. एक लांब बाक, समोर कट्टा, कट्ट्यापलीकडे चूल आणि आबा. बाकावर माणसं आठच. नववा आला की आबा नुसता हात दाखवून त्याला दारात थोपवायचे. आणि कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं, "म्होरे ई ते खावानं." म्हणजे पुढ्यात येईल ते खायचं.

आबा बावीस वर्षं मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. जपानच्या एका बंदरात त्यांनी असंच आठ माणसांचं दुकान पाहिलं होतं. तिथे गिऱ्हाइकाने फक्त बसायचं, काय खायचं ते स्वयंपाक्याने ठरवायचं. मेक्सिकोतल्या बंदरावर मक्याच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायका भेटल्या, तेव्हा तर त्यांना घरीच आल्यासारखं वाटलं. परत आल्यावर त्यांनी दोन्ही मुलुख एका चुलीवर आणले. आधी लिंबाच्या आंबट भाताचा पालकाच्या पानात गुंडाळलेला, ओल्या सुरीने कापलेला तुकडा. मग तळहाताएवढी मक्याची भाकरी, तिच्यात वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा. मी एकदा जपानी कच्च्या माशाचं विचारलं, तर हसून म्हणाले, "कच्चा मासा दिधा ते लोके माले पांझरामा बुडाई देतीन."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी जळगावहून धुळ्याला बदली झाली आणि मी त्या बाकावर जाऊन बसलो. पहिले दोन घास घेतले. आबा माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. त्यांनी पुढचं सगळं बाजूला ठेवलं आणि ताकभात दिला. "तुनं पोट बिघडेल शे." मी मनातल्या मनात चिडलो, पण आदल्या दिवशी एसटी स्टँडवर भजी हाणली होती हे खरंच होतं. दोन घासांत माणूस वाचायचे आबा, आणि त्याचा त्यांना भारी गर्वही होता.

एकाच बाबतीत त्यांचं चालत नसे. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा तरी त्या बाकावर बसून आबांच्या हातचं खावं, ही त्यांची फार इच्छा. अक्का आत दळण निवडत असायच्या. आबा हाक मारायचे आणि आतून उत्तर यायचं, "बाप्यासना बाकवर मी बसू?" आबा आमच्याकडे पाहून हसायचे, पण ते त्यांना लागायचं. आम्हाला ते दिसायचं.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकी खाणावळी बंद होत्या. मी आबांकडे गेलो तर बाक रिकामा. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी जातात, पण अक्कांना जायला माहेर उरलं नव्हतं. का कोण जाणे, त्या दिवशी आबांनी हाक मारली आणि अक्का आल्या, डोक्यावरचा पदर सावरत बाकाच्या टोकाला बसल्या. आबांची नुसती धांदल उडाली. त्यांनी भाताचा तुकडा ठेवला. अक्कांनी खाल्ला. मक्याची भाकरी दिली. तीही खाल्ली. आबा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि त्यांना काहीच कळेना.

कळणार कसं? अक्का जन्मभर आबांच्या मागून जेवल्या होत्या. आबा एकतर जहाजावर, नाहीतर जेवून हात धुऊन बाहेर ओट्यावर. बायकोला जेवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मीही त्यातलाच.

शेवटी आबांनी आमच्यापैकी कोणालाही कधी न विचारलेलं विचारलं, "तुले काय आवडस?"

अक्कांनी तव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तवावरनी गरम भाकर द्या. जनम गया, गरम कधी खाधी नही."

आबांनी ज्वारीचं पीठ घेतलं. भाकरी फुगली, तशीच तव्यावरून अक्कांच्या ताटात आली. सोबत तेल आणि लाल मिरची. अक्कांनी डोळे मिटून खाल्ली. आबा पाठ फिरवून चुलीत उगाच लाकूड सारत राहिले.

त्यानंतर आबा चार वर्षं होते. त्या चार वर्षांत रोज बाकावर पहिल्या अक्का बसायच्या, एकट्या. त्या सावकाश जेवून उठेपर्यंत आम्ही सगळे दारात उभे. एकदा मी कुरकुरलो, "आबा, मला कचेरीत जायला उशीर होतोय."

आबांनी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"होऊ दे," ते म्हणाले. "तिले चाळीस वरीस उशीर व्हयेल शे."