तिचे उपवास

ती मुलगी आमच्या ओट्यावर पहिल्यांदा आली ती पाय धुवायला. खाडीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत भरली होती आणि एक चप्पल तिथेच रुतून राहिली होती. बरोबर एक गोरी बाई होती, वयाने माझ्याएवढी. मी दोघींच्या पायांवर कळशीने पाणी ओतलं. गोरी बाई काहीतरी बोलली आणि मुलीने ते मला मराठीत सांगितलं, की तुमच्या गावाला चिखलसुद्धा किती मऊ आहे. सासूबाईंना ते फार आवडलं. त्या महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होत्या.

दोघी खाडीचा अभ्यास करायला आल्या होत्या. आपलं सरकार आणि गोऱ्या बाईच्या देशाचं सरकार, असं दोघांनी मिळून ते काम काढलं होतं. पाणी, चिखल, शिंपल्यांतले खुबे, चिंबोऱ्या, सगळं थोडंथोडं बाटल्यांत भरून न्यायचं, अर्धं इथे तपासायचं आणि अर्धं तिकडे. पैसा कोणाचा, असं सासूबाईंनी विचारलं. मुलगी म्हणाली, दोन्ही सरकारांचा, म्हणजे लोकांचाच, आजी, तुमचाच. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे आमचाच चिखल आमच्याच पैशानं नेताव. बरं हाय." मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी ओहोटीला खुबे काढायला जायची, तेव्हा ती माझ्याबरोबर यायची. मला बोलायला सुचत नाही. चारचौघांत तर मी तोंडच उघडत नाही. पण तिच्याशी मी बोलायची. खुबे काढून झाले की थोडे घरी ठेवायचे आणि बाकीचे कामोठ्याच्या बाजारात वाटे लावून विकायचे, हे माझं रोजचं होतं. ती दुपारी आमच्याकडेच जेवायची. पहिल्या दिवशी तिने चिंबोरीच्या नांग्या अशा चोखून खाल्ल्या की ती आमच्यातलीच वाटली. मला काकी म्हणायची.

आमच्या घरात पोट भरलं म्हटलं तर कोणी ऐकत नाही. एकदा सासूबाई तिसऱ्यांदा वाढायला आल्या. तिने दोन्ही हात ताटावर धरले. सासूबाई म्हणाल्या, "आता उपास हाय बोललीस तरच सुटशील गो." आम्ही तिघी हसलो. उपवास म्हटलं की आमच्याकडे वाढणारीचा हात आपोआप मागे येतो. ते तिला आमच्याच घरात कळलं.

दुसऱ्या वर्षी होळी झाल्यावर ती आली, तेव्हा मी खुब्यांचं सुकं केलं होतं. ती म्हणाली, काकी, आज माझा उपवास आहे. मी म्हटलं, आधी सांगायचंस. पटकन वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी केली. पुढच्या खेपेला पुन्हा उपवास. तेव्हापासून मी तिच्यासाठी एक वेगळं पातेलं ठेवलं. आमच्या भांड्यांना माशाचा वास असतो, तिचा उपवास मोडायला नको. ते पातेलं मी राखेने घासून वरच्या फळीवर पालथं घालायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. ती कुठल्याही वाराला आली तरी उपवासच असायचा. सासूबाई म्हणाल्या, हिचे देव किती आहेत कोणास ठाऊक, बहुतेक लग्न जमत नसेल. मलाही तसंच वाटलं. मी खाडीकाठच्या देवीला तिच्यासाठी नारळ बोलले होते.

त्याच उन्हाळ्यात माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती उरणला दिली आहे. तिला डोहाळे लागले ते खुब्यांचेच. सकाळी खुबे, रात्री खुबे. मी कौतुकाने ऐन ओहोटीला जाऊन तिच्यासाठी मोठेमोठे निवडून आणायची, बाजारात कमी न्यायची. उपवासवाली आली की दोघी शेजारीशेजारी जेवायला बसायच्या. माझी मुलगी तिला म्हणायची, तुला उपास आणि मला डोहाळे, दोघींचा आयेला ताप. ती हसायची नाही. एकदा तिने माझ्या मुलीपुढचा वाडगा हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाली, रोज रोज हे नको गं, दूध पीत जा. मला ती माया वाटली. मी वाडगा पुन्हा मुलीपुढे ठेवला.

नातू झाला. तो रांगायला लागला तेव्हा समाजमंदिरात सभा झाली. माझी मुलगी बाळाला घेऊन आलेली होती. ती घरी राहिली आणि मी नातवाला कडेवर घेऊन गेले, दाराजवळ बसले. मोठे साहेब आले होते, गोरी बाई होती, भिंतीवर पडदा लावला होता. मराठीत सांगायला आमच्याकडे जेवणारी तीच उभी राहिली. वरच्या कारखान्यांच्या पाण्याबरोबर खाडीत विष येतं, ते चिखलात बसतं, तिथून खुब्यांत आणि चिंबोऱ्यांत जातं. हे खाऊ नका, म्हणाली. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी तर मुळीच खाऊ नये.

एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्हाला कधी कळलं हे. ती म्हणाली, मागच्या वर्षी होळीच्या आधी पहिल्यांदा दिसलं, पण एकदा दिसून चालत नाही, पुन्हा तपासावं लागतं, तिकडेही तपासावं लागतं, दोन्ही देशांनी मान्य केल्याशिवाय बाहेर बोलता येत नाही.

होळी म्हटल्यावर मला आधी काहीच कळलं नाही. मग ते पालथं पातेलं डोळ्यांपुढे आलं. नातू माझ्या बांगड्यांशी खेळत होता. लोक आरडाओरडा करायला लागले, धंद्याचं काय, भरपाई कोण देणार. मी उठून घरी आले.

संध्याकाळी ती आली. ओट्याच्या पायरीशी उभी राहिली, वर आली नाही. सासूबाईंनी आतून हाक मारली, ये गो, जेवून जा. मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं, कारण आत मुलगी बाळाला पाजत होती.

ती म्हणाली, "काकी, मला बोलायची परवानगी नव्हती. मी सही केली होती."

मग मी बोलले. एवढं मी आयुष्यात कोणाला बोलले नव्हते.

"परवानगी नव्हती तर नको बोलूस," मी म्हटलं. "पन तुला जसा उपास सुचला, तसा एक उपास माझ्या पोरीला पन सांगायचा व्हतास. आमी का म्हनून विचारलंच नसतं."

ती रडायला लागली. मी तिला पाणीही विचारलं नाही. अंधार पडायच्या आत ती गेली. नंतर आली नाही.

नातू आता बालवाडीत जातो. तो उशिरा बोलायला लागला. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलं उशिरा बोलतात. असेलही तसं. मी दुसरं काही विचारलं नाही. विचारायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि मुलगी शेजारीच बसली होती.

खुबे विषारी आहेत हे मुलीला ठाऊक आहे, ते तर सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तिच्या शेजारी बसून वरीचे तांदूळ खाणारीला ते तेव्हाच ठाऊक होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माहेरी आली की मुलगी त्या उपवासवालीची आठवण काढते. गेल्या खेपेला फळीवरचं पातेलं बघून म्हणाली, "आये, ती चांगली व्हती गो. माझ्या दुधाची कालजी तिलाच व्हती."

मी हो म्हटलं.