मेलेला वाटा

थिओफिलस कजो याला बापाकडून मिळाली रापण, म्हणजे काठावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, आणि रापणीबरोबर एक नियमही मिळाला: दोरीला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो हात धट्ट्याकट्ट्या गड्याचा असो, नाहीतर रमने थरथरणाऱ्या बेवड्याचा. पहाटे पाण्यात जॅक माशांचा थवा काळा दिसू लागला की थिओ कातळावर चढून शंख फुंकायचा, आणि डोंगरावरची घरं रिकामी व्हायची. विधवा यायच्या, पाद्री यायचा, आदल्या दिवशी एकमेकांची आईमाई उद्धरलेले शेजारी एकाच दोरीला लटकायचे. मासे वाळूवर ओतले की थिओ बदामाच्या रुंद पानांवर वाटे घालायचा, सगळे सारखे. त्या गावात कुंपणावरून भांडणं झाली, कोंबड्यांवरून झाली, बायकांवरून तर विचारूच नका. वाट्यावरून मात्र कधी झालं नाही.

सगळ्यांच्या आधी हजर व्हायची त्याची थोरली बहीण युडोरा. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. एका हातात कडा उडालेलं एनॅमलचं घमेलं, दुसरा हात दोरीवर नुसता ठेवलेला.

"ताई, ओढ की जरा!"

"ओढायला तुझे रेडे आहेत ना? मी बघतेय मासळी काय म्हणते."

आणि तिला खरंच कळायचं. जिवंत मासळी दोरीतून हाताला लागते, पोटात मूल हलावं तशी. युडोराने मान डोलावली की घरोघरी तवे तापायचे.

मग किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला हॉटेल आलं. पहिल्यांदा उन्हाने लालबुंद झालेलं एक जोडपं हसत हसत दोरीला भिडलं. नियम तो नियम, थिओने त्यांनाही वाटा दिला. त्यांनी माशांबरोबर फोटो काढले आणि वाटा बांधावर ठेवून निघून गेले. मांजरांची चंगळ झाली.

"बिचाऱ्यांच्या घरी तवा नसेल रे," युडोरा म्हणाली, आणि गाव पोट धरून हसलं.

हसण्याचे दिवस तेवढेच होते. हॉटेलने पाण्यावर रात्रभर दिवे सोडले, दिवसभर गुरगुरणाऱ्या स्कूटर सोडल्या. मासळी लांब गेली. रापणीचे गडी एकेक करून हिरवा शर्ट चढवून हॉटेलचं गवत कापायला आणि पेले धुवायला लागले. त्यांना तरी कोण काय बोलणार? गवत रोज वाढतं. थिओने शंख फुंकला की आता चार म्हाताऱ्या आणि पाद्री एवढेच येत. जाळं बदामाखाली पडून कुजायला लागलं, आणि ते थिओला बघवेना.

अशात शार्लिन आली. राजधानीतली चुणचुणीत मुलगी, हॉटेलात पाहुण्यांची करमणूक तिच्याकडे होती.

"थिओकाका, दर बुधवारी दहाला रापण लावाल का? पाहुण्यांना दोरी ओढायचीय."

"पोरी, मासळी नाश्ता आटोपून येत नाही."

"मासळी नसली तरी चालेल हो. शंख तेवढा जोरात फुंका."

इथेच त्याने तिला वाटेला लावायला हवं होतं. पण त्याला वाटलं, निदान जाळं भिजेल, दोरीला हात लागतील, आणि उद्या मासळी परत आली तर रापण तयार असेल. तो हो म्हणाला.

पहिले काही बुधवार नुसतं शेवाळ आलं. पाहुणे हिरमुसले, एका बाईने तर उघड जांभई दिली. पुढच्या बुधवारी सकाळी हॉटेलची मोटारबोट जाळ्याला वळसा घालून गेलेली थिओने पाहिली. कशाला गेली ते त्याने विचारलं नाही. शंख वाजला तशी युडोरा घमेलं घेऊन उतरली. बुधवार का शनिवार हे ती बघत नसे. शंख वाजला म्हणजे जायचं.

जाळं जड आलं. पाहुणे आरडाओरडा करत ओढू लागले. थिओच्या हातात दोरी होती आणि दोरीत काहीच हलत नव्हतं. भिजलेलं पोतं ओढावं तसं वजन. त्याने वर पाहिलं. युडोराने दोरीवरून हात काढला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

मासे वाळूवर पडले. एकही उडाला नाही. टाळ्या वाजल्या. थिओने खाली मान घालून वाटे घातले, सगळे सारखे, आणि शेवटचा बहिणीपुढे ठेवला.

"ताई, तुझा वाटा."

तिने एक मासा उचलला, कल्ले उघडून पाहिले, बोटाने डोळा दाबला. बर्फ अजून पोटात होता.

"हा कधी मेला रे थिओ?"

थिओ पानावरची वाळू झटकू लागला.

"बाबांनी कित्येकदा आपल्याला उपाशी निजवलं. पण मेलेला वाटा कुणाला घातला नाही." तिने मासा परत पानावर ठेवला, अगदी जपून, आणि रिकामं घमेलं काखेत मारून चढ चढू लागली.

"आजी काय म्हणाल्या?" शार्लिनने विचारलं.

"गुडघे दुखतायत म्हणाली," थिओ म्हणाला.

त्यानंतर बुधवारी गावातलं कुणी आलं नाही. थिओ मात्र जात राहिला. लाज वाटायची, तरी जायचा.

पावसाळा सरता सरता एका पहाटे तो किनाऱ्यावर आला आणि जागीच थबकला. पाणी काळं होतं. वर पक्षी तुटून पडत होते. म्हाताऱ्याने एकट्याने होडी लोटली, दोरीचं एक टोक बदामाला बांधलं, थव्याभोवती जाळं सोडत वळसा घेतला आणि दुसरं टोक काठाला आणलं. मग कातळावर चढून छाती फुटेस्तोवर शंख फुंकला.

डोंगरावर एकही दार उघडलं नाही. हॉटेलचा पहारेकरी तेवढा धावत आला. "काका, पाहुणे झोपलेत हो. अन् आज बुधवार आहे का?"

"हात लाव, पोरा! मासळी आहे, खरी मासळी!"

"कामावर आहे मी," तो म्हणाला, आणि खजील होऊन परत गेला.

थिओने ओढली. दोरी त्याच्या तळहातात थरथरत होती, खांद्यापर्यंत थरथरत होती. तो रडत होता आणि ओढत होता. जाळं हातभरही सरकलं नाही. शेवटी त्याने एक टोक सोडलं आणि काळं पाणी हळूहळू समुद्रात निघून जाताना पाहत बसला.

दुपारी तो डोंगर चढून बहिणीकडे गेला. युडोरा ओट्यावर नीरफणस सोलत होती. किती महिन्यांनी तो आला होता. तिने सुरी न थांबवता पाय सरकवून त्याला जागा करून दिली.

"पहाटे शंख ऐकला," ती म्हणाली. "उठले होते मी. घमेलंही घेतलं होतं हातात. मग म्हटलं, हॉटेलचं असेल. तेच होतं ना?"

थिओने सोलवटलेले तळहात मांड्यांखाली दडवले.

"हो ताई," तो म्हणाला. "हॉटेलचंच होतं."